गावच्या व्यायामशाळेत केटलबेल घ्यावेत का? भरतीच्या मुलामुलींना नेमका फायदा काय?

चोपडेकर_तापीकाठ

राम राम मंडळी. आमच्या गावच्या व्यायामशाळेसाठी ग्रामपंचायत थोडा निधी देतेय. सध्या एक साधा रॉड, ८० किलोच्या प्लेटा, ५ ते १५ किलोच्या डंबेलच्या जोड्या आणि एक पुल-अप बार आहे. खोली १२ बाय २० फूट, वर पत्रे. बाहेर मोकळं मैदान. पोलीस भरतीची तयारी करणारे १४ मुलं आणि ६ मुली रोज सकाळी येतात. कोणी म्हणतं ट्रेडमिल घ्या, कोणी म्हणतं केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेलं गोल लोखंडी वजन.

रॉड-डंबेल असताना केटलबेलने वेगळं काय मिळणार? १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक या तिन्हींत त्याचा कुठे उपयोग होतो? घ्यायचेच तर कोणत्या वजनाचे, किती नग? आणि शिकवायला कोच नाही, तर पाठीला इजा होण्याची भीती कितपत खरी? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

पांझरा_धुळे

भाऊ, ट्रेडमिल सोडा. मैदान दारात असताना विजेवर पळायचं कशाला, आणि एका वेळी एकच जण पळणार. केटलबेल घ्या, पण ते कशासाठी हे आधी पक्कं करा.

डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. केटलबेलचं वजन मुठीच्या खाली लोंबतं, म्हणून ते दोन मांड्यांमधून मागे नेता येतं आणि तिथून खुब्याच्या जोरावर झटक्यात पुढे सोडता येतं. हाच स्विंग. नितंब, मांडीचा मागचा भाग आणि पाठीचे लांब स्नायू यांना वेगात ताकद लावायची सवय लागते. रॉडने डेडलिफ्ट (वजन जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं) मारून ताकद वाढते, ती जास्तच वाढते, पण वेगासाठी रॉडचे क्लीन-स्नॅच (वजन झटक्यात खांद्यापर्यंत किंवा थेट डोक्यावर नेणं) शिकावे लागतात आणि ते कोचशिवाय जमत नाहीत. स्विंग त्या मानाने लवकर शिकता येतो. २०१२ साली इंग्लंडमध्ये ६ आठवड्यांचा प्रयोग झाला. नुसत्या स्विंगच्या सरावाने पायांची कमाल ताकद आणि उभ्या उडीची उंची दोन्ही वाढलेली दिसली.

आता भरतीपुरतं बोलू. गोळाफेकीत मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. गोळा लांब जातो तो पायांनी आणि खुब्याने जमिनीला दिलेल्या रेट्यामुळे. हात शेवटी येतो. त्या रेट्याला स्विंगचा थेट उपयोग आहे. १०० मीटरच्या सुरुवातीच्या २०-३० मीटरलाही आहे. १६०० मीटरला मात्र मर्यादित. स्विंगने धाप लागते, नाडी चढते, पण पळण्याची लय आणि पोटऱ्यांची सवय पळूनच येते. केटलबेल घेतले म्हणून पळणं कमी केलं तर गुण जातील, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

"मिनिटाला २० कॅलरी जळतात" असंही कुणीतरी सांगेल. तो आकडा २०१० मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा आहे: सरावलेले लोक, २० मिनिटं, आणि व्यायाम स्विंग नव्हे तर स्नॅच. नवख्या मुलाला तो लावू नका.

स्विंग कसा शिकवायचा ते नीट लिहितो, कारण सगळा फायदा आणि सगळा धोका इथेच आहे.

पहिले दोन आठवडे स्विंग नाहीच. आधी हिंज, म्हणजे कमरेतून नाही तर खुब्यातून वाकणं. मुलाला भिंतीकडे पाठ करून एक वीतभर अंतरावर उभं करा. गुडघे किंचित सैल, आणि बूड मागे नेऊन भिंतीला टेकवायला सांगा. टेकलं की दोन बोटं पुढे सरका, पुन्हा. नडगी जवळपास उभीच राहिली पाहिजे. गुडघे पुढे आले तर ती बैठक झाली. मग पाठीवर काठी उभी धरा: डोकं, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी काठी लागलेली राहिली पाहिजे. वाकताना एक जरी जागा सुटली तरी पाठ गोल झाली समजा. हे जमलं की केटलबेल दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवून डेडलिफ्ट, ५ चे ५ सेट.

तिसऱ्या आठवड्यात स्विंग. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद. केटलबेल पायांच्या पुढे साधारण एक फूट. बूड मागे, दोन्ही हातांनी मूठ धरा आणि केटलबेल आपल्याकडे तिरका करा. तिथून तो मांड्यांमधून मागे ओढायचा, गुडघ्यांच्या वरून, जांघेजवळून. मनगटं मांडीच्या आतल्या भागाला घासली पाहिजेत. मग एकदम ताठ उभं राहायचं: नितंब आवळलेले, गुडघे सरळ, पोट कडक, तोंडाने छोटा जोरदार श्वास बाहेर. केटलबेल छातीपर्यंत आपोआप येतो. हात मोटेच्या नाड्यासारखे. ओढणारे बैल म्हणजे खुबे. खाली येताना घाई नको. हात फासळ्यांना लागेपर्यंत ताठ थांबा, मगच बूड मागे.

काय बिघडतं ते बघा. केटलबेल गुडघ्यांच्या खालून गेला तर वजन शरीरापासून लांब जातं आणि कमरेला ओढ बसते. बहुतेकांची पाठ यानेच धरते. दुसरी चूक म्हणजे बैठक मारून खांद्याने वर उचलणं. दुसऱ्या दिवशी मांड्यांऐवजी खांदे दुखले तर ती झालीय हे ओळखा. तिसरी, वर गेल्यावर मागे कलणं. त्याने मणक्याचे मागचे सांधे दाबले जातात. चौथी, लवकर वाकणं: केटलबेल अजून हवेत आणि माणूस आधीच खाली. संपवतानाही पाठ गोल करून आपटू नका. शेवटचा मागचा झोका घ्या आणि पुढे जमिनीवर ठेवा.

काही व्हिडिओंत केटलबेल थेट डोक्यावर नेतात. ते शिकवू नका. त्यासाठी खांद्याची हालचाल पूर्ण मोकळी लागते. ती नसली की माणूस कंबर वाकवून उंची गाठतो. आणि खुब्याला त्यात जास्तीचं काही मिळत नाही.

वाघूर

वरचं तंत्र अगदी बरोबर. मी खरेदीचं बोलतो.

एकाच साच्यात ओतलेला बीडाचा केटलबेल घ्या. मूठ वेगळी बनवून वेल्डिंग केलेला नको. फॅब्रिकेशनवाला स्वस्तात करून देतो, पण स्विंगमध्ये जोडावर दर फेरीला झटका बसतो. जोड सुटला तर १६ किलोचा गोळा समोरच्याच्या अंगावर जाईल. प्लॅस्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेलेही टाळा. वजनाच्या मानाने फुगीर असतात, मांड्यांमधून जात नाहीत आणि आपटले की तडकतात.

मुठीची जाडी ३३ ते ३५ मिलिमीटर असावी. दोन्ही हात शेजारी शेजारी मावतात का बघा. करंगळ्या मुठीच्या बाजूंच्या शिंगांवर (मूठ जिथे खाली वळते तिथे) चेपल्या जात असतील तर स्विंगला निरुपयोगी. मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. ओतकामाची शिवण राहिलेली असेल तर ती हात फाडते. कानशीने घासा आणि वरून एमरी पेपर मारा. चकचकीत ऑइलपेंट मारलेला घेऊ नका, घामात निसटतो. पावडर कोटिंग उत्तम. बूड सपाट हवं, डुगडुगणारा नको.

आणि दुकानातून उचलल्यावर आधी काट्यावर टाका. धान्याचा काटा प्रत्येक गावात आहे. छापलेल्या १६ चे १५ भरतात असंही होतं.

वजनांचे आकडे १६, २४, ३२ असे का, हे मुलं विचारतात. रशियात धान्य तोलायचं जुनं वजन १६.३८ किलोचं होतं. त्याचं एकपट, दीडपट, दुप्पट म्हणजे साधारण हेच आकडे. केटलबेल आधी बाजारातलं माप होतं, मग लोक ते उचलून ताकद आजमावू लागले. तिथल्या डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला वजन उचलणाऱ्यांचं मंडळ सुरू केलं आणि हा व्यायाम रीतसर झाला. आपल्या तालमींतही मूठ कोरलेली दगडी नाल उचलायची परंपरा आहे, त्यामुळे मुलांना हे परकं वाटायचं कारण नाही.

तुमच्यासाठी माझी यादी: ८ चा १, १२ चे ३, १६ चे २, २० चा १. एकूण ७ नग, ९६ किलो.

फिजिओ_भुसावळ

पाठीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

भीती निराधार नाही, पण तिला घाबरून व्यायाम सोडण्यासारखंही काही नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली एक चाचणी झाली. ज्या कामांत अंगदुखीच्या तक्रारी जास्त असतात अशा कामांतल्या लोकांना ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा २० मिनिटं केटलबेल दिले. मान-खांदे आणि कमरेचं दुखणं कमी झालं, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. दम मात्र मोजण्याइतका वाढला नाही. पांझरा यांनी १६०० मीटरबद्दल जे सांगितलं त्याला हा आधारच आहे.

दुसरी बाजू कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या २०१२ च्या मोजमापातून कळते. साधं वजन उचलताना कमरेच्या मणक्यांवर सरकवणारा जोर ज्या दिशेने येतो, त्याच्या उलट दिशेने तो स्विंगमध्ये येतो. म्हणून जड डेडलिफ्ट विनातक्रार करणाऱ्या एखाद्यालाही स्विंगने कंबर दुखू शकते. अशा मुलाला "तुझी ताकद कमी पडते" म्हणून ढकलू नका. त्याला डेडलिफ्ट आणि वजन धरून चालणं द्या, तेवढं पुरेसं आहे.

पायात कळ उतरते, मुंग्या येतात, हर्निया आहे, रक्तदाब जास्त आहे, किंवा बाळंतपण नुकतंच झालंय, अशांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्विंग नाही. स्नायू दुखणं आणि मणका दुखणं यांतला फरक मुलांना शिकवा. नितंब आणि मांडीचा मागचा भाग दोन दिवस ठणकला तर ठीक. कमरेच्या मध्यभागी टोचत असेल, खोकताना वाढत असेल, तर थांबा.

आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याखाली त्याहून वाईट. सकाळी सातच्या आत आटोपा. फेब्रुवारीत जे मूल १०० स्विंग मारत होतं त्याला एप्रिलच्या शेवटी दहा-बारा दिवस निम्म्यावर आणा, शरीर उष्णतेला सरावेपर्यंत. नवख्याने पहिल्याच दिवशी ईर्षेने २००-३०० स्विंग मारले आणि दुसऱ्या दिवशी अंग सुजून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते स्नायू विरघळल्याचं लक्षण असू शकतं. घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. मूत्रपिंडाचा प्रश्न असतो.

चोपडेकर_तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. ७ केटलबेल आणि २० जण, हे कसं बसवायचं? आणि मुलींसाठी ८ किलो ठीक का? दोघी-तिघी म्हणतात १२ जड वाटेल.

सातपुडा_पायथा

मुलींच्या गोळ्याफेकीवर माझा भर असतो, म्हणून ८ किलोवर थोडं भांडते. रोज ८०० मीटर पळणाऱ्या, घरी पाण्याचा हंडा उचलणाऱ्या मुलीला स्विंगसाठी ८ किलो फारच हलका आहे. हलका असला की तो हातांनीच वर जातो आणि खुब्याला कामच पडत नाही. तंत्र बिघडतं ते जड वजनाने जेवढं, तेवढंच हलक्याने. हिंज बसला की मुलींनी स्विंग १२ नेच करावा. ८ चा उपयोग डोक्यावर दाबायच्या व्यायामाला आणि गेट-अपला.

अंदाज घ्यायचा असेल तर १० स्विंग मारायला लावा. पहिला आणि दहावा सारख्याच वेगाने, सारख्याच उंचीला गेला तर वजन बरोबर. शेवटचे तीन खाली राहिले तर जड. बोलत बोलत होत असतील तर हलका.

गेट-अप, म्हणजे जमिनीवर पाठीवर झोपून एका हातात वजन वर धरून उभं राहणं, लगेच वजनाने शिकवू नका. मुठीवर चप्पल ठेवा. चप्पल न पाडता उभं राहून परत झोपता आलं की मग ८ किलो. खांदा कसा स्थिर ठेवायचा हे याने कळतं.

वाघूर

मान्य. मग यादी अशी करा: ८ चा १, १२ चे ४, १६ चे २, २० चा १. एकूण १०८ किलो. २४ चा पुढच्या वर्षी. १६ वरून थेट २४ म्हणजे दीडपट उडी होते, मधला २० त्यासाठीच हवा.

पांझरा_धुळे

२० जणांचं गणित सोपं आहे भो. १० स्विंगला साधारण १५ सेकंद लागतात. एका केटलबेलवर तिघं. एकाचे १० झाले की तो ठेवतो, दुसरा उचलतो. अदलाबदलीसकट २० सेकंद. मिनिटाला प्रत्येकाची एक पाळी येते आणि ४० सेकंद विश्रांती आपोआप मिळते. १० मिनिटांत प्रत्येकाचे १०० स्विंग. मुलींचे दोन गट १२ वर, मुलांचे पाच गट १२, १२, १६, १६ आणि २० वर. ८ चा मोकळा राहतो, त्यावर कोणी गेट-अप शिकेल.

पण हे खोलीत करू नका. मैदानात एका ओळीत, दोघांमध्ये ६ फूट अंतर ठेवून, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. स्विंग करणाऱ्याच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही. विश्रांती घेणारे बाजूला. ओल्या गवतावर नको. खोलीतच करावं लागलं तर खाली रबर मॅट. जळगावची प्लॅस्टिक चटई घालू नका, पाय घसरतो. कोणाला घरी करायचं असेल तर धाब्याच्या घराच्या छतावर तर मुळीच नाही. जाड फोमचे पळायचे बूटही स्विंगला चालत नाहीत, टाच दबते आणि तोल डळमळतो. अनवाणी किंवा पातळ तळाचे कॅनव्हास.

चढती भाजणी अशी ठेवा. तिसऱ्या आठवड्यात ५ स्विंगच्या १० फेऱ्या, चौथ्यात १० च्या ५, मग दर आठवड्याला एक फेरी वाढवत १० पर्यंत. फेरीआधी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर त्या मुलाने एक पाळी सोडायची. १० च्या १० फेऱ्या सलग दोन आठवडे स्वच्छ झाल्या की वजन वाढवायचं आणि फेऱ्या पुन्हा ५ वर आणायच्या.

आठवड्यात स्विंग तीनच दिवस: सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्याच दिवशी छातीशी केटलबेल धरून बैठका, ५ चे ३ सेट, आणि शेवटी केटलबेल हातात घेऊन ३० मीटर चालणं, प्रत्येक हाताने दोनदा. मंगळवारी आणि शनिवारी पळणं, गुरुवारी गोळ्याचं तंत्र. १०० मीटरचा सराव ज्या दिवशी असेल त्या दिवशी आधी पळा, स्विंग नंतर. थकलेल्या मांडीने पूर्ण वेगात पळताना मागची शीर धरते. मैदानी चाचणीच्या आधीच्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या, आणि शेवटचे तीन दिवस केटलबेलला हात नाही.

चोपडेकर_तापीकाठ

हे छापून भिंतीवर लावतो. एक राहिलं, हात फाटतात म्हणतात. हातमोजे आणायचे का?

सातपुडा_पायथा

हातमोजे नकोत. मूठ जाड होते, पकड लवकर सुटते, आणि आत कातडी सरकून फोड येतातच. मूठ तळव्यात खोल न धरता बोटांच्या मुळाशी अडकवून धरायची. तळव्यात धरली की झोक्यात कातडीची घडी चिमटते आणि तीच फाटते. घट्ट आवळायचंही नाही. घट्टे आले तर आंघोळीनंतर वजरीने घासून सपाट ठेवा, ब्लेडने कापू नका. घामासाठी खडूची पूड चालेल, पण थोडी. जास्त लावली तर घर्षण वाढून उलट फोड येतात. कातडी फाटलीच तर साबणाने धुवा, कोरडी ठेवा, भरेपर्यंत स्विंग बंद आणि तेवढे दिवस बैठका-पळणं चालू. आणि केटलबेल उन्हात ठेवू नका. दुपारी मैदानात राहिलेल्या बीडाला हात लावला तर सरळ भाजतो.